पैसे एकदा, की पुन्हा पुन्हा? व्हिडिओ गेमच्या इतिहासातील एक धागा

१९९४ सालचे गणपती. मुंबईचे काका रात्रीच्या एस.टी.ने सकाळी रत्नागिरीला उतरले, तेव्हा त्यांच्या पिशवीत मिठाईच्या पुड्याबरोबर एक खोका होता. कोकण रेल्वे अजून सुरू व्हायची होती आणि चाकरमान्यांच्या पिशवीतून येणाऱ्या नव्या वस्तू हेच आम्हा मुलांचे जगाकडे उघडणारे दार होते. खोक्यातून एक छोटे यंत्र निघाले, त्याला वायरीने जोडलेले दोन ‘रिमोट’, आणि एक जाडजूड ‘कॅसेट’. काकांनी आमच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीची अँटेनाची वायर काढून यंत्राची जोडली, बराच वेळ बटण फिरवले आणि मुंग्यांमधून एकदम एक टोपीवाला माणूस उड्या मारू लागला. त्या दिवशी आरतीला आम्हाला तीनदा हाक मारावी लागली.

आजोबा खुर्चीवरून हे सारे पाहत होते. चांगले की वाईट, यावर ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी काकांना एवढेच विचारले, “ज्यानं हे विकलं, त्याला पैसे किती वेळा मिळतात रे? एकदा, की पुन्हा पुन्हा?”

“एकदाच, अण्णा. फार तर नवी कॅसेट घेतली तर आणखी एकदा.”

“मग खेळू दे पोरांना,” आजोबा म्हणाले.

तेव्हा हा प्रश्न मला विचित्र वाटला होता. पुढे मी संशोधनाकडे वळले, आता अधूनमधून शिक्षकांपुढे बोलायला जाते, आणि तिथे एक प्रश्न हमखास येतो: मोबाइलवरचे खेळ मुलांना चांगले की वाईट? या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. उलट आजोबांचा प्रश्न घेऊन व्हिडिओ गेमच्या इतिहासाकडे पाहिले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. खेळ कसा असेल, किती वेळ चालेल, कुठे थांबेल, हे त्यात पैसा कोणत्या वाटेने येतो यावर फार मोठ्या प्रमाणात ठरत आले आहे.

पैशाची वाटच नव्हती तेव्हा

अगदी सुरुवातीच्या खेळांत पैसा नव्हता. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत दरवर्षी लोकांना पाहायला येऊ देत. नुसती मांडून ठेवलेली उपकरणे पाहून लोक कंटाळतात, हे विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आले होते. प्रयोगशाळेत एक अ‍ॅनालॉग संगणक होता. त्याच्यावर उसळणाऱ्या चेंडूचा मार्ग कसा काढायचा, हे संगणकाबरोबर आलेल्या पुस्तिकेतच दिले होते. हिगिनबॉथम यांनी तो मार्ग ऑसिलोस्कोपच्या पाच इंची पडद्यावर आणला आणि १९५८ साली दोघांनी खेळायचे टेनिस तयार झाले. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी तो खेळ पुन्हा मांडला, आणि मग सुटे भाग दुसऱ्या कामासाठी काढून घेतले. पेटंट घेण्यासारखे यात काही आहे असे हिगिनबॉथम यांना वाटले नाही.

१९६२ मध्ये एम.आय.टी.मध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ लिहिला. ज्या संगणकावर तो चाले त्याची किंमत सुमारे एक लाख वीस हजार डॉलर होती. विकणार कोणाला? त्यांनी तो वाटून टाकला.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करायला हवी. नफ्याचा हेतू नसलेले हे खेळ मोठ्या प्रयोगशाळांच्या भिंतींबाहेर फारसे गेले नाहीत. रत्नागिरीतल्या एका घरातल्या काळ्यापांढऱ्या टीव्हीपर्यंत खेळ पोचला तो नफा शोधणाऱ्या माणसांमुळेच.

नाण्याचा खेळ

१९७२ मध्ये नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी अटारी ही कंपनी काढली. त्यांच्या अ‍ॅल अ‍ॅल्कॉर्न या अभियंत्याने बनवलेले ‘पाँग’ हे यंत्र कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या एका मद्यालयात ठेवले. थोड्याच दिवसांत ते बंद पडले. अ‍ॅल्कॉर्न दुरुस्तीला गेला तेव्हा कळले की बिघाड काही नाही, नाण्यांचा डबा भरून वाहतो आहे.

आता आजोबांचा प्रश्न विचारून पाहा. इथे प्रत्येक खेळीला पाव डॉलरचे एक नाणे. म्हणजे खेळ लवकर संपला तर मालकाचा फायदा. पण इतक्या लवकरही नाही, की खेळणारा चिडून निघून जाईल. त्यामुळे या यंत्रांतले खेळ पाहता पाहता अवघड होत जातात. १९७८ मध्ये जपानी अभियंता तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. परग्रहावरचे शत्रू जसजसे मारले जात, तसतशी पडद्यावर काढायची चित्रे कमी होत आणि प्रोसेसरवरचा भार हलका होई. म्हणून उरलेले शत्रू आपोआप वेगाने धावू लागत. ही यंत्राची मर्यादा होती, पण खेळाला तिने रंगत आणली, आणि निशिकादोंनी ती तशीच राहू दिली. नाण्याच्या हिशेबालाही ती नेमकी जुळली.

कुलूप

मग खेळ घरात आला. १९७७ मध्ये अटारीचे घरगुती यंत्र बाजारात आले. ते एकदा घ्यायचे आणि वेगवेगळे खेळ कॅसेटवर विकत घेत राहायचे. खरी कमाई कॅसेटवर. पण या यंत्राला कुलूप नव्हते. कोणीही कॅसेट बनवून विकू शके. अनेकांनी बनवल्या, त्यांत टाकाऊ फार. खुद्द अटारीने १९८२ च्या नाताळसाठी ‘ई.टी.’ चित्रपटावरचा खेळ सुमारे पाच आठवड्यांत करवून घेतला आणि तो पडला. १९८३ मध्ये अमेरिकेतील हा सगळा बाजार कोसळला. न विकलेल्या कॅसेट न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरल्या गेल्या. २०१४ मध्ये त्या उकरून काढण्यात आल्या.

त्याच १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ हे यंत्र आणले. अमेरिकेत ते १९८५ मध्ये नव्या रूपात आले तेव्हा त्यात एक जास्तीची चिप होती. तशीच एक चिप प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये असे. यंत्र सुरू होताच दोन्ही चिपा एकमेकींशी सांकेतिक बोलणे करत. ते जुळले नाही तर यंत्र दर सेकंदाला नव्याने सुरू होत राही, आणि खेळ काही सुरू होत नसे. या कुलपाच्या जोरावर निन्टेन्डो इतर कंपन्यांना अटी घालू शकली: वर्षाला पाचच खेळ, आणि कॅसेट आमच्याकडूनच बनवून घ्यायच्या.

या कुलपाच्या दोन बाजू आहेत. टाकाऊ खेळांचा पूर त्यामुळे अडला, हे खरे. पण यंत्र विकत घेणारा मात्र त्याचा पुरता मालक राहिला नाही, हेही खरे. शिवाय कॅसेटच्या टोकाची धातूची पट्टी मळली की त्या दोन चिपांचे बोलणे तुटे आणि अस्सल कॅसेटसुद्धा चालत नसे. म्हणजे कुलूप कंपनीच्या सोयीचे, आणि त्याचा त्रास गिऱ्हाइकाला.

आमच्या घरातले यंत्र

आमच्याकडे आले ते मूळ जपानी यंत्र नव्हते. मूळ जपानी फॅमिकॉमला कुलपाची चिप नव्हती. त्याच्याच नकला तैवानमधल्या कारखान्यांतून निघाल्या आणि जगभर पसरल्या. रशियात त्या ‘डेंडी’ नावाने खपल्या, आपल्याकडे ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी. या यंत्रांत कुठलीही कॅसेट चाले. ‘९९९९९९९ खेळ एकात’ असे छापलेली कॅसेट ज्यांनी वापरली असेल त्यांना तिची लबाडी आठवेल. आम्ही भावंडांनी वहीत नोंदी करत यादी तपासली, तेव्हा खरे वेगळे खेळ अगदी मोजकेच निघाले. बाकी सगळे तेच, फक्त सुरुवात वेगळ्या पातळीवरून. वहीत नोंद करून दावा तपासायचा, हा माझा बहुधा पहिलाच ‘प्रयोग’.

दुसरा प्रयोग फुंकरीचा. कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची, ही सर्वमान्य रीत. प्रत्यक्षात काम होई ते कॅसेट काढून पुन्हा बसवताना पट्ट्यांचा संपर्क नव्याने जुळल्यामुळे. फुंकरीतली वाफ उलट धातू गंजवते. रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत तर हे फार लवकर होते. नुसती काढून बसवलेली आणि फुंकर मारून बसवलेली, अशी तुलना करून पाहण्याचे तेव्हा आम्हाला सुचले नाही.

टोपीवाल्याचा तो खेळ, १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, सगळा मिळून ४० किलोबाइटचा. मोबाइलवर काढलेला एखादा फोटो याच्या पन्नासपट सहज भरतो. जागा वाचवण्यासाठी त्यात ढग आणि झुडपे यांचे चित्र एकच आहे, फक्त रंग वेगळे. आमच्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर ही युक्ती उघडी पडायची, आणि “ढग खाली उतरलेत” असे आम्ही म्हणायचो.

आणि महत्त्वाचे म्हणजे हे यंत्र आमच्याकडून पुढे काही मागत नव्हते. आम्ही दिवसभर खेळलो किंवा महिनाभर हात लावला नाही, बनवणाऱ्याला काही फरक पडत नव्हता. म्हणून कंटाळा आला की आम्ही उठून समुद्रावर जात असू, आणि यंत्र बोलावायला मागे येत नसे.

फुकटचा खेळ

आजचा मोबाइलवरचा खेळ बहुधा फुकट मिळतो. इथे आजोबांचा प्रश्न सर्वांत जास्त उपयोगी पडतो. खेळ फुकट आहे, मग पैसा कुठून येतो? दोन वाटांनी. एक, जाहिराती: मूल जितका वेळ पडद्यापुढे, तितक्या जाहिराती विकल्या जातात. दुसरी, खेळातली खरेदी: संपलेला ‘जीव’ लगेच हवा तर पैसे, नाहीतर काही तास थांबा. खेळणाऱ्यांपैकी बहुतेक जण एक पैसाही देत नाहीत. थोडेजण देतात, पुन्हा पुन्हा देतात. म्हणजे नाण्याच्या यंत्राचा हिशेब आता उलटा झाला. तिथे खेळ लवकर संपण्यात फायदा होता. इथे तो कधीच न संपण्यात आहे. रोज आलात तर बक्षीस, एक दिवस चुकलात तर साखळी तुटली, आणि आत काय आहे ते उघडल्याशिवाय न कळणारी पेटी.

या पेटीमागचे शास्त्र जुने आहे. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ठरावीक टोचींनंतर दाणा मिळत असेल तर दाणा मिळाल्यावर कबूतर थोडे थांबते. पण दाणा कधी तीन टोचींनी, कधी तीसांनी, असा बेभरवशाचा मिळत असेल तर ते न थांबता टोचत राहते, आणि दाणा बंद झाल्यावरही बराच काळ सोडत नाही. आपला विद्यार्थी कबूतर नव्हे. पण दाण्याचे वेळापत्रक कोणीतरी विचारपूर्वक आखलेले आहे, हे त्याला माहीत असायला हवे.

आजोबांची कोडी

आजोबांना तो प्रश्न कुठून सुचला, हे मला फार उशिरा कळले. तरुणपणी त्यांनी बक्षिसाच्या शब्दकोड्यांत बरेच पैसे घालवले होते. त्या काळी ही कोडी जोरात होती. कोडे सोडवायचे, प्रवेशमूल्य भरून पाठवायचे, उत्तर तंतोतंत जुळले तर मोठी रक्कम. बुद्धीचा खेळ म्हणून सुशिक्षित घरांत त्याला मान. मेख अशी, की एकाच जागी दोन शब्द सारखेच शोभावेत अशी सूचना असे. ‘बरोबर’ ठरे ते आयोजकांनी आधी ठरवून ठेवलेले.

रत्नागिरी जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. राज्याने अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा १९४८ मध्ये केला, आणि राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या स्पर्धाही पकडण्यासाठी १९५२ मध्ये त्यात दुरुस्ती केली. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातून कोडी चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला यांनी याला आव्हान दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकाल दिला: ही कोडी जुगाराच्या स्वरूपाची आहेत, आणि जुगार हा व्यापार नव्हे, व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मिळणार नाही.

‘कौशल्य की नशीब’ हा वाद मात्र मिटला नाही. १९६७ मध्ये याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, आणि पुढे ऑनलाइन रमीवाल्यांनी त्याच आधारावर वर्षानुवर्षे युक्तिवाद केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने हा भेदच बाजूला ठेवला: कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी. पण कायदा पोचतो तो पैशाच्या पैजेपर्यंत. फुकटच्या खेळात मूल लावते ते आपला वेळ आणि झोप; त्याकडे पाहायचे काम पालकांचे आणि शिक्षकांचेच राहते.

वर्गात करून पाहण्यासारखे

उपदेश करण्यापेक्षा आठवी-नववीच्या मुलांना एक आठवडा नोंदी करायला सांगावे. आवडीचा एक खेळ घ्यायचा आणि चार गोष्टी लिहायच्या. खेळ स्वतःहून कुठे थांबतो? मी खेळत नसताना त्याने मला किती वेळा बोलावले? पैसे किंवा जाहिरात नेमकी कोणत्या क्षणी समोर आली: जिंकल्यावर, की हरल्यावर? आणि शेवटचा प्रश्न आजोबांचा: बनवणाऱ्याला पैसे एकदा मिळतात, की पुन्हा पुन्हा? मोबाइल नसलेल्या मुलांना गटात घेऊन मोजणीचे काम द्यावे. निष्कर्ष मुलांनीच काढावेत. ते आपल्यापेक्षा परखड असतात, असा माझा अनुभव आहे.

काकांचे ते यंत्र रत्नागिरीच्या घरी माळ्यावर अजून आहे. गेल्या गणपतीत भाच्यांनी ते खाली काढले. कॅसेट तीनदा काढून बसवल्यावर टोपीवाला उडी मारू लागला. मुले तासभर खेळली, कंटाळली आणि बटण बंद करून जेवायला आली.