हत्तीरोगाची गोळी आणि यादीतून सुटणाऱ्या बायका

आपल्या पूर्व विदर्भात आशाताई हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन दारात येते, तेव्हा ती एका लांबलचक इतिहासाचं शेवटचं टोक घेऊन येते. त्या इतिहासात कोण मोजलं गेलं आणि कोण सुटलं, हे आज लिहितोय. पोस्ट जरा मोठी आहे, पण वाचा.

हा रोग डासामार्फत पसरतो, याचा माग पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने १८७७ मध्ये चीनमध्ये लावला. डीईसी हे औषध १९४७ मध्ये पुढे आलं. १९५५ मध्ये आपल्या देशात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीला गोळ्या सरसकट वाटून पाहिल्या, पण ताप, मळमळ झाल्यावर लोक घेईनात. मग भर आला शहरातल्या गटारी आणि डासांच्या अळ्यांवर. खेडी मागे राहिली. म्हणजे पहिली दरी शहर आणि गाव यांच्यातली.

२००४ पासून वर्षातून एकदा सगळ्यांना गोळ्या देण्याची मोहीम देशभर सुरू झाली. पुढे अल्बेंडाझोल जोडलं गेलं. २०१९ च्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिनसह तीन औषधं एकत्र देणं सुरू झालं. रोग संपवण्याची मुदत आधी २०१५ होती, आता २०२७ आहे.

आता मुद्द्यावर येतो. गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत. नियम बरोबरच आहे, त्यावर वाद नाही. पण बाळंत झाल्यावर तिला शोधून गोळी कोण देतं? मोहीम काही दिवसांची असते, ती कधीच संपलेली असते. त्यात आपली रीत अशी की पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या यादीत ती "बाहेरगावी", आणि माहेरच्या यादीत तिचं नावच नाही. नव्या सुनेला दोन महिने वर गेले असतील तर ते चारचौघांत सांगायची सोय नाही, म्हणून ती "नंतर घेते" म्हणते. कागदावर या तिघी फक्त "घेतली नाही" एवढ्याच.

पुरुषही सुटतात, हे कबूल करायला हवं. कोणी ठेकेदाराच्या कामावर, कोणी परजिल्ह्यात. आशाताई दुपारी येते तेव्हा घरी म्हातारी माणसं आणि पोरं. दोघांची सुटण्याची कारणं वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे लागतील. एकूण लोकसंख्येच्या ६५ टक्के लोकांनी गोळी गिळली की मोहीम बरी झाली म्हणतात. पण उरलेले दरवर्षी तेच तेच असतील तर? मोठी कृमी अंगात काही वर्षं जगते. अशा माणसाच्या रक्तातून डास रोग पुढे नेतच राहतो.

तपासणीचंही तसंच. या रोगाचे जंतू रात्री रक्तात फिरतात, म्हणून रक्त रात्रीच घ्यावं लागतं. रात्री दहाला अनोळखी कर्मचाऱ्यापुढे बोट पुढे करायला किती घरांतल्या बायका बाहेर येतील?

आणि रोग झाल्यावर? पुरुषाच्या अंडवृद्धीवर ऑपरेशन आहे, शिबिरं लागतात, आकडे छापून येतात. बाईच्या सुजलेल्या पायाला रोज साबण-पाण्याने धुणं, कोरडं ठेवणं, वर उचलून बसणं एवढाच आधार. रोवणीत दिवसभर चिखलात उभी असणारी, पाणी भरणारी, चुलीपुढे बसणारी बाई पाय वर करून बसणार कधी? तिच्या दुखण्याचं शिबिर होत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. आशाताईच्या वहीत "गरोदर" हा वेगळा रकाना असावा आणि बाळंतपणानंतर त्या नावांकडे परत जावं. माहेरी आलेल्या लेकीला माहेरच्या गावात गोळी मिळावी. कामावर जाणाऱ्यांसाठी संध्याकाळची फेरी असावी. आकडा बाया आणि बाप्यांचा वेगवेगळा काढून ग्रामसभेत वाचून दाखवावा. आणि जादा फेऱ्यांचा मोबदला आशाताईला वेळेवर मिळावा, कारण हा सगळा कार्यक्रम एका बाईच्याच पायांवर चालतो.

पुढच्या फेरीत गोळी काही खाऊन, तिच्यासमोरच गिळा. आणि घरातलं कोण राहिलं, ते तिला आपण होऊन सांगा.