पगारांतून कापलेला वकील

गेल्या महिन्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हा कळंब तालुक्यांतील शेतकऱ्याचा मुलगा. हल्लीं चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत नोकरीस आहे. कारखान्यानें नोकरांपुढें एक योजना ठेविली आहे. दरमहा दीडशें रुपये पगारांतून कापूं द्यावेत, म्हणजे वर्षभर वकिलाचा सल्ला दूरध्वनीवर मिळेल, नोटीस लिहून मिळेल, भाडेकरार व मृत्युपत्र तयार होईल, आणि ठराविक दाव्यांत वकील उभाही राहील. “गुरुजी, हें घ्यावें कीं न घ्यावें?” असें त्यानें विचारलें. त्याच्या घरीं शेताच्या वाटणीचा तंटा चालू आहे, हें मला ठाऊक होतें. इतिहासाच्या मास्तराला हा प्रश्न विचारणें प्रथम मला विचित्र वाटलें. पण विचार करतां करतां तो इतिहासाचाच आहे असें दिसून आलें.

पैसेवाल्याचा वकील पूर्वीपासून ठरलेला असे. प्रश्न असे तो गरिबाचा. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांवर हल्ला केला आणि कर्जरोखे जाळले. पुढें चौकशी झाली, तेव्हां उघडकीस आलें तें असें कीं, सावकारांच्या दाव्यांचे निकाल बहुधा एकतर्फी होत. समन्स घेऊन कुणबी कोर्टांत गेलाच, तरी तेथें त्याच्या वतीनें बोलणार कोण? म्हणून १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा झाला व तो पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यांत आला. त्यांत दोन तरतुदी मोठ्या लक्षांत ठेवण्यासारख्या होत्या. शंभर रुपयांपर्यंतच्या कज्ज्यांत सामान्यतः वकिलास मज्जावच केला होता. आणि त्याहून मोठ्या दाव्यांत सावकाराच्या बाजूनें वकील आला व शेतकऱ्याला वकील देण्याची ऐपत नसली, तर न्यायाधीशानें त्याच्या संमतीनें सरकारी वकिलास त्याच्या बाजूनें उभें करावें, अशी मुभा होती.

हा वकील सावकाराविरुद्ध निर्भयपणें बोलूं शके, कारण त्याचा पोशिंदा सावकार नव्हता. परंतु त्याच कुणब्याचें भांडण साऱ्यासाठीं सरकाराशींच जुंपलें असतें तर? तेथें हा वकील पलीकडच्या बाजूस दिसला असता.

आपल्या भागास एवढाही आधार नव्हता. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यांत, म्हणून तेथें हा कायदा. परंडा, भूम येथें मोगलाई, म्हणून तेथें तो नाहीं. शिवाय हैदराबाद संस्थानांतील न्यायालयांची भाषा उर्दू. आमच्या आजोबांच्या पिढीला आपल्याच शेतासंबंधीं लिहिलेला कागद दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागे. वकिलाची गोष्ट तर दूरच राहिली. १९४८ सालच्या सप्टेंबरापर्यंत हें असेंच चाललें.

मुंबईंत निराळा मार्ग निघाला. नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालयें, दवाखाने यांच्या जोडीला गरीब व निरक्षर लोकांना कायद्याचा सल्ला देण्याचें कामही ही संस्था करी. १ जुलै १९२४ पासून कामगार नुकसानभरपाईचा कायदा अमलांत आला. यंत्रांत हात गेलेल्या माणसाला दाद मागण्याचा हक्क मिळाला, पण दाद मागावयाची ती मालकाविरुद्ध. अशा माणसाला मालकाच्या खर्चानें मिळालेला वकील काय कामाचा? १९२६ सालीं जोशी यांनीं गिरणी कामगारांची युनियन उभारली. कामगाराच्या वर्गणीवर चालणारी संस्था कामगाराच्या बाजूनेंच बोलणार, हें तिच्या घडणींतच होतें. पुढें १९४७ च्या औद्योगिक तंटे कायद्यानें तर असा नियम घातला कीं, न्यायाधिकरणापुढें दुसऱ्या पक्षाची संमति व न्यायाधिकरणाची परवानगी असल्याखेरीज वकील उभा राहूं नये. कामगाराचें म्हणणें युनियनच्या अधिकाऱ्यानें मांडावें. म्हणजे नोकरीच्या तंट्यांत आगाऊ पैसे भरून ठेविलेला वकील बाहेरच थांबण्याचा संभव फार.

आतां ही नवी योजना आली कोठून तें पाहूं. अमेरिकेंत लुईझियाना संस्थानांतील श्रीव्हपोर्ट या शहरीं १९७१ सालीं मजुरांच्या एका युनियननें अशी पहिली नांवाजलेली योजना चालविली. कामाच्या दर तासामागें दोन सेंट बाजूस पडत. १९७३ सालीं तेथील कामगार कायद्यांत दुरुस्ती होऊन मालकांनाही अशा निधींत पैसे घालण्याची मोकळीक मिळाली. त्या दुरुस्तीला जोडलेली अट मात्र वाचण्यासारखी आहे. नुकसानभरपाईच्या प्रकरणाखेरीज, ज्या मालकाच्या पैशानें निधि भरला त्याच्याविरुद्ध दावा सुरूं करण्यासाठीं हा वकील वापरतां येणार नाहीं. तसाच तो त्या युनियनविरुद्धही वापरतां येणार नाहीं! योजना काढणाऱ्यांनीं आपलीं दोन्हीं दारें आधींच लावून घेतलीं. युरोपांत वकिलीच्या विम्याची प्रथा याहून जुनी असून, तेथें १९८७ सालीं निराळाच नियम झाला: कोर्टांत जावयाचें असेल तर वकील विमेदारानें आपल्या पसंतीनें निवडावा, विमा कंपनीनें नव्हे.

मीं विद्यार्थ्याला योजनेचा छापील कागद पाठवावयास सांगितलें. बारीक अक्षरांत जें अपेक्षित होतें तेंच निघालें. कारखान्याशीं होणारा कोणताही वाद योजनेबाहेर. नांव नोंदविण्यापूर्वीं सुरूं झालेला कज्जा योजनेबाहेर. वकील योजनेच्या यादींतला, आणि यादी पुण्याची. कळंबच्या कोर्टांत यावयाचें तर खर्च निराळा. म्हणजे ज्या एका कामासाठीं त्याला वकील हवा होता, नेमकें तेवढेंच काम वगळून वर्षाला अठराशें रुपये जाणार. त्याच्याच खोलींतील सोबती मात्र घर विकत घेत आहे, त्याला करारनामा तपासून घ्यावयाचा आहे, आणि त्याचा कोणाशीं तंटा नाहीं. त्यानें एक वर्ष ही योजना घेतली तर तें पैसे वायां गेले असें मी म्हणणार नाहीं.

आणि आपल्याकडे जें विनामूल्य आहे त्याची चौकशी कोणी करीत नाहीं, याचें मला नवल वाटतें. १९७६ च्या घटनादुरुस्तीनें मोफत कायदेसाहाय्याचें तत्त्व राज्यघटनेंत आलें. विधि सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालीं झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या बाराव्या कलमांत स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमाती, अपंग, कोठडींतील इसम यांच्याबरोबर औद्योगिक कामगाराचेंही नांव आहे. दुष्काळ व भूकंप यांनीं गांजलेल्यांचाही त्यांत समावेश आहे. १९९३ चा भूकंप पाहिलेल्या आपल्या जिल्ह्यास तो शब्द समजावून सांगावयास नको. या वर्गांना उत्पन्नाची अट नाहीं. इतरांसाठीं महाराष्ट्रांत वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. नेमून मिळालेला वकील कामाच्या ओझ्यानें कधीं कधीं तारीख चुकवितो, हें मी लपवीत नाहीं. शिवाय लोकअदालतींत तडजोड झाली कीं तिच्यावर अपील नाहीं, म्हणून सही करण्यापूर्वीं कागद दोनदां वाचून घ्यावा लागतो.

मीं त्याला लिहिलें, “सात-बारावर नांव तुझ्या आईचें आहे. ती स्त्री आहे, एवढें कारण पुरेसें आहे. तूं रजा काढून ये.” तो आला. मायलेकरें एस्. टी. नें कळंबच्या न्यायालयांत गेलीं आणि तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज देऊन संध्याकाळीं माझ्याकडे आलीं. आईनें पोंच पदराच्या गांठींत बांधली होती. कारखान्याचा कागद त्याच्या पिशवींत तसाच होता. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे म्हणाला. वर कारखान्याचें नांव व खालीं सहीची जागा मोकळी असलेला तो कागद आईनें उलटसुलट करून पाहिला आणि विचारलें, “हा वकील तुमच्या साहेबाला कागद लावील का रे?”