केकताडाचा घोट

पुतण्या मेक्सिकोहून येताना बाटली घेऊन आला. मेस्कल म्हणे, तिकडची दारू. म्हणाला, "काका, एका दमात टाकायची नाही. नुसते ओठ भिजवा." मला हसू आलं. आमच्या लोह्यात शिंदी असो की किनवटकडची मोहाची, ओठ भिजवायला कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

पण भिजवले. आधी आला तो धूर, गोवऱ्यांच्या आगटीत हुरडा भाजल्यावर येतो तसा. मग भाजल्या रताळ्याची गोडी. आणि जीभ जरा सैलावली तेव्हा खालून एक हिरवट, उग्र वास वर आला. तो मी ओळखला. केकताड! पुस्तकात ज्याला घायपात म्हणतात ते.

आम्ही मातंग. आबा दोर वळायचे. बांधावरची केकताडाची पाती विळ्यानं कापायची, त्या रसानं मनगटं खाजायची. पात्यांच्या पेंढ्या नाल्याच्या साचल्या पाण्यात दगडाखाली दाबायच्या. आठवड्यांनी कुजून निघाल्या की धोपटायच्या, धुवायच्या, वाळवायच्या. मग पांढरा वाख हाती यायचा. कुजक्या पाण्याचा वास अंगाला चिकटायचा. शाळेत पोरं नाक मुरडायची. पोळ्याआधी घरोघर नवे कासरे, मोरक्या, वेसणी पोचवायच्या आणि सुगीला बलुतं आणायचं. आबा वळलेल्या दोराचा पीळ दोन बोटांनी उलटा सोडून बघत. पेड मोकळे झाले, तर सगळा दोर परत वळायला घेत.

तिकडं मेक्सिकोतल्या ओहाकात मेस्कल करणाराही असाच पारखी असतो. धार उंचावरून वाटीत सोडायची आणि वर येणारे बुडबुडे किती वेळ टिकतात ते पाहायचं, त्यावरून कस कळतो. मेस्कल या नावाला सरकारी संरक्षण पुढं मिळालं, १९९४ साली; बुडबुडे त्याच्या कितीतरी आधीचे.

मेस्कल ज्याची करतात ते केकताड मूळचं तिकडचंच, जहाजांतून इकडं आलं. मग आपण त्याची दारू का केली नाही? मला वाटतं, गरजच पडली नाही. शिंदीचा रस झाडातूनच गोड गळतो, मोहाचं फूल गोड होऊनच पहाटे खाली पडतं. केकताडाच्या गाभ्यातली साखर मात्र कुलूपबंद असते. तिकडं ६ ते १० वर्षांचं झाड तोडतात, पाती छाटतात, उरलेला अननसासारखा गड्डा तापल्या दगडांच्या खड्ड्यात पुरून ३-४ दिवस भाजतात, तेव्हा कुठं ती सुटते. आपण पाती घेतली, गाभा सोडला. त्यांनी गाभा घेतला, पाती फेकली. आमच्याकडं तेव्हा निजामाचं राज्य. शिंदीतून त्याला अबकारीचं मोठं उत्पन्न होतं, म्हणून १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिलढ्यात कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडं तोडली. केकताडाला कुऱ्हाड लावायचं कारणच नव्हतं.

अलीकडं हेही बदललं. २०११ च्या सुमारास डेस्मंड नाझरेथ यांनी आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात दख्खनच्याच केकताडापासून दारू काढून बाजारात आणली. ती मी चाखलेली नाही.

पुतण्याच्या बाटलीवर गाव होतं, झाडाची जात होती, करणाऱ्याचं नाव होतं. मी ते नाव दोनदा वाचलं. आबांनी जन्मभर दोर वळले, त्यांचं नाव कशावरच नाही. त्याच दोरांनी विहिरीवरची मोट ओढणाऱ्या बैलांना तर ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

मार्गशीर्षात आमच्या तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळा बाजार. दोरांच्या दुकानांत आता नायलॉनच जास्त. तरी एखादा म्हातारा वाखाचे कासरे घेऊन बसलेला दिसलाच, तर एक हातात घ्या, पीळ उलटा सोडून बघा, हुंगून बघा. आणि भाव करू नका.