डब्यातला माल्ट आणि कडू बिअर

घरी बिअर करणाऱ्या मंडळींत एक उतरंड असते. बार्लीचा माल्ट भरडून, गरम पाण्यात मुरवून त्यातून साखर काढणारा वरच्या पायरीवर, आणि तयार माल्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा पातेल्यात रिकामा करणारा खाली. डबा म्हणजे पळवाट, असा वरच्यांचा शेरा. पण अमेरिकेतली, हॉप्सने म्हणजे कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांनी भरलेली, मोसंबीच्या सालीसारख्या वासाची पेल एल ही बिअर कशी घडली ते पाहिले, तर या पळवाटेला बरेच श्रेय द्यावे लागते.

अमेरिकेत 17 जानेवारी 1920 पासून दारूबंदी अमलात आली. अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेले पेय व्होल्स्टेड कायद्याने बेकायदा ठरले. माल्टचे सिरप मात्र दुकानात उघड मिळत राहिले. बिअर विकता येईना म्हणून पाब्स्ट आणि ॲनहायझर-बुश यांसारख्या बड्या कंपन्या त्या धंद्यात उतरल्या. सिरप खपवायचे ते पाव-बिस्किटांसाठी म्हणून. त्यातल्या काही डब्यांत हॉप्सचा कडवटपणा आधीच उतरवलेला असे, आणि कडू बिस्किटे कोण आवडीने खात होते, हे कायद्याने विचारले नाही. आपल्याकडेही हातभट्टी शोधताना उत्पादन शुल्क खाते काळ्या गुळावर आणि नवसागरावर नजर ठेवते, ते याच कारणाने. 1933 मध्ये बंदी उठली. घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. कायद्यातली ती फट पुढे पंचेचाळीस वर्षे बुजली नाही.

डबा नेमके काय करतो? माल्टमधल्या स्टार्चची साखर करण्याचे काम विकरे करतात. त्यासाठी पाणी तासभर साधारण 65 ते 68 अंश सेल्सिअसवर राखावे लागते आणि मग चोथा गाळून, धुऊन काढावा लागतो. एक्स्ट्रॅक्टमध्ये हे सगळे कारखान्यातच झालेले असते. पाणी आटवून तो काकवीइतका दाट केलेला असतो. रंग आणि गोडसर खमंगपणा यांसाठी क्रिस्टल माल्टची पुरचुंडी अर्धा तास गरम पाण्यात बुडवली की पुरते, कारण त्या दाण्यांच्या पोटात साखर आधीच झालेली असते. मग लक्ष द्यायला उरतात हॉप्स. उकळीच्या सुरुवातीला घातलेले हॉप्स तासाभरात कडवटपणा देतात, पण त्यांचे सुवासिक तेल वाफेबरोबर उडून जाते. शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घातलेले वास राखतात. वेळेचा हा खेळ साध्या स्वयंपाकघरात कोणालाही खेळता येऊ लागला तो डब्यामुळे.

यावर पहिला आक्षेप असा की बंदीच्या काळातली घरगुती बिअर बहुधा वाईटच असे. ते खरेच आहे. पण त्या काळाचा वारसा चवीचा नाही, पुरवठ्याचा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. तो वास देणारा कॅस्केड हॉप सरकारी संकर-कार्यक्रमातून 1972 मध्ये बाहेर आला, आणि त्याचा गाजलेला वापर सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कंपनीने 1975 मध्ये लिबर्टी एलमध्ये केला. मग घरच्या पातेल्याचा संबंध काय? संबंध माणसांचा आहे. केन ग्रॉसमनने 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको गावी घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान काढले आणि हॉप्ससाठी तो वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यापर्यंत गेला. 1980 मध्ये त्यानेच सिएरा नेव्हाडा ही बिअर कंपनी सुरू केली. तिथली पेल एल अख्ख्या माल्टचीच असते, हे मान्य; पण कॅस्केडवर भिस्त ठेवणारा हा माणूस पुढे आला तो घरगुती हौसेतूनच, आणि त्या हौसेचे गिऱ्हाईक बव्हंशी डबेवाले होते.

ऑक्टोबर 1978 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी घरगुती बिअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली: घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला 200 गॅलन. सहा वर्षांनी घरगुती बिअरवरचे चार्ली पापाझियनचे गाजलेले पुस्तक आले. त्याने नवशिक्याच्या हाती आधी डबा दिला, मग डब्याच्या जोडीला दाणे, आणि अख्ख्या धान्याचे प्रकरण ठेवले त्यानंतर.