तीन वाजून दोन मिनिटं

शनिवार, २२ सप्टेंबर २०१८. मतदानाला ४५ दिवस

परदेशी तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांना टपाली मतपत्रिका या तारखेच्या आत पाठवाव्या लागतात. म्हणजे फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीची मतपत्रिका तोवर ठरून गेली होती. जे काही बिघडायचं ते खरं तर इथेच बिघडलं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

अमेरिकी मतदाराला आपल्यासारखा एका खेपेला एकच उमेदवार निवडायचा नसतो. सिनेटर, गव्हर्नर, कृषी आयुक्त, न्यायाधीश, राज्यघटनेतल्या दुरुस्त्या असं सगळं एकाच मतपत्रिकेत येतं आणि तिची पानं वाढत जातात. ब्रॉवर्डच्या पहिल्या पानावर तीन रकाने होते. डावीकडच्या रकान्यात इंग्रजी, स्पॅनिश आणि हैतीची क्रिओल अशा तीन भाषांत सूचनांचा लांबलचक मजकूर आणि त्याच्या पार तळाशी, कोपऱ्यात, सिनेटची लढत. सूचना कोण वाचतो? नजर थेट मधल्या रकान्यावर जाते, आणि तिथे वरच गव्हर्नरपदाची लढत होती. सूचनांखाली लढत छापू नका, असं केंद्रीय निवडणूक साहाय्य आयोगाचं मार्गदर्शन आधीपासून होतं.

मंगळवार, ६ नोव्हेंबर. सकाळी ७

केंद्रं उघडतात. सिनेटसाठी डेमोक्रॅट बिल नेल्सन यांच्यासमोर रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट. नेल्सन १९८६च्या जानेवारीत फ्लोरिडातूनच ‘कोलंबिया’ यानात बसून अंतराळात जाऊन आले होते. त्या उड्डाणाची उलटी मोजणी कितीदा तरी थांबवावी लागली होती. निवडणुकीत ती सोय नसते.

रात्र

स्कॉट यांची आघाडी पन्नास हजारांच्या वर. गव्हर्नरपदाचे डेमोक्रॅट उमेदवार अँड्र्यू गिलम यांनी रॉन डिसँटिस यांच्यापुढे हार मान्यही केली. ब्रॉवर्डची मोजणी मात्र संपत नाही.

गुरुवार, ८ नोव्हेंबर. रात्र

टपाली मतं मोजली जातात तसतशी आघाडी घसरत पंधरा हजारांवर येते. स्कॉट पत्रकारांना बोलावून डेमोक्रॅटांच्या दोन बालेकिल्ल्यांत, ब्रॉवर्ड आणि पाम बीचमध्ये, घोटाळा चालल्याचा आरोप करतात. राज्याचा गव्हर्नरच उमेदवार आणि तोच फिर्यादी! त्यांच्याच प्रशासनाच्या निरीक्षकांना ब्रॉवर्डमध्ये गुन्ह्याचा पुरावा दिसलेला नव्हता. तरी लॉडरहिलच्या मोजणी केंद्राबाहेर निदर्शक जमतातच.

शनिवार, १० नोव्हेंबर. दुपारी १२

राज्यभरातली ८१ लाखांहून जास्त मतं मोजून फरक उरतो १२,५६२. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असला की यंत्राने फेरमोजणी करावी लागते. सिनेट, गव्हर्नर, कृषी आयुक्त या तिन्ही लढती त्यात बसतात. गिलम आपली पराभवाची कबुली मागे घेतात. ६७ काउंट्यांना मुदत मिळते गुरुवारी दुपारी ३ वाजेपर्यंतची.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

ब्रॉवर्डमध्ये सात लाखांवर मतपत्रिका, प्रत्येकीची अनेक पानं. त्यांतलं पहिलं पान वेगळं काढण्यातच दिवस गेले, खरी फेरमोजणी आज सुरू होते. शेजारच्या पाम बीचमध्ये दशकभर जुनी यंत्रं तापून बिघडतात. सुमारे पावणेदोन लाख मतं पुन्हा मोजायची. त्यातून ती यंत्रं एका वेळी एकच लढत मोजणारी. २००० साली अध्यक्षपदाच्या लढतीत बुश आणि गोर यांच्यात राज्यभरात राहिलेला ५३७ मतांचा फरक आणि त्याआधी मतदारांचा गोंधळ उडवणारी ती ‘फुलपाखरी’ मतपत्रिका, तीही याच काउंटीची. अठरा वर्षांत इथे काय शिकले, हे विचारायला नको.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

केंद्रीय न्यायाधीश मार्क वॉकर स्वाक्षरी न जुळल्याने मत बाद झालेल्या मतदारांना ते दुरुस्त करायला शनिवारी संध्याकाळपर्यंत अवधी देतात, पण पाम बीचला वाढीव वेळ नाकारतात. तिथली मोजणी पुरी होत नाही. ब्रॉवर्डची होते, आणि थोडी मिनिटं हाताशी राहतात.

दुपारी ३

आकडे राज्याच्या संकेतस्थळावर चढवायचे असतात. ते कसं करतात याची अधिकाऱ्यांना नीट सवय नसते.

३ वाजून २ मिनिटं

आकडे पोहोचतात. वरातीमागून घोडं. राज्य ते नाकारतं आणि शनिवारचेच आकडे ग्राह्य धरतं. गंमत अशी की या फेरमोजणीने स्कॉट यांची आघाडी ७७९ने वाढली असती, त्यामुळे आता संशय घेण्याची पाळी त्यांच्या गोटाची. पुढे निघालं की फेरमोजणीत २,०४० मतपत्रिका कमी भरल्या होत्या. त्या ‘इमारतीतच आहेत’ असं निवडणूक प्रमुख ब्रेंडा स्नाइप्स यांनी सांगितलं.

वृत्तवाहिन्यांनी ही दोन मिनिटं दिवसभर चघळली. माझ्या मते तो निव्वळ तमाशा होता. खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

फरक पाव टक्क्याच्या आत असल्याने सिनेटसाठी आता हाताने तपासणी. यंत्राला ज्यांवर सिनेटचं मत दिसलं नाही, त्या मतपत्रिका माणसं डोळ्यांनी बघतात. नेल्सन यांच्या वकिलांची सारी आशा यंत्र चुकलं असण्यावर. ब्रॉवर्डमध्ये काम काही तासांतच आटोपतं, कारण बघण्यासारखं काही नसतंच. बहुतेक मतपत्रिकांवर सिनेटचा कोपरा खरोखरच कोरा.

काउंटीत गव्हर्नरसाठी मत देऊन सिनेटला न दिलेले मतदार सुमारे २५ हजार. २४व्या मतदारसंघाच्या भागात हा प्रकार जास्त, कारण तिथे प्रतिनिधीगृहाची निवड बिनविरोध होती आणि फ्लोरिडात बिनविरोध उमेदवाराचं नाव छापतच नाहीत. त्यामुळे सूचनांखाली सिनेटची एकटीच लढत उरली होती.

रविवार, १८ नोव्हेंबर. दुपारी १२

मुदत संपते. अंतिम फरक १०,०३३. नेल्सन पराभव मान्य करतात, स्नाइप्स राजीनामा देतात.

ब्रॉवर्डमध्ये नेल्सन यांना दहातली जवळपास सात मतं होती. त्या हिशेबाने ती २५ हजार कोरी मतं वाटून बघा: त्यांचा निव्वळ फायदा होतो सुमारे दहा हजारांचा.