'बॉम्बे डक'चा डाकगाडीशी काय संबंध? बोंबलाच्या इंग्रजी नावांची खरी गोष्ट

धाकटी डहाणूसारख्या मच्छीमार गावात हंगामात गेलात तर बांबूच्या वलांडीवर टांगलेले बोंबील दिसतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी टाकायची. हाच मासा इंग्रजीत 'बॉम्बे डक'.

या नावामागची एक गोष्ट सोशल मीडियावर कायम फिरते. सुके बोंबील म्हणे मुंबईहून डाकगाडीने जायचे, डब्यांना वास यायचा, म्हणून 'बॉम्बे डाक' आणि त्याचं झालं 'डक'. गोष्ट मस्त आहे, पण तारखा जुळत नाहीत. देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदर ते ठाणे धावली १६ एप्रिल १८५३ ला. 'बॉम्बे डक' हे नाव मात्र १८२९ च्या एका इंग्रजी पुस्तकात आधीच छापलेलं आहे. गाडीच नव्हती, तर डब्याला वास कुठून येणार?

खरी गंमत आहे ती दुसऱ्या नावात. इंग्रजी डिक्शनरीत बोंबलासाठी 'बमलो' असाही शब्द सापडतो आणि त्याचं मूळ म्हणून मराठी 'बोंबील' दिलेलं असतं.

हा शब्द रेल्वेपेक्षा कितीतरी जुना. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात मुंबईत होता. १६९८ मध्ये लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात माझगाव हे मोठं मच्छीमार गाव म्हणून येतं, आणि तिथला 'बंबेलो' नावाचा मासा हे गरिबांचं अन्न असल्याचं तो सांगतो. म्हणजे इंग्रजांनी हा शब्द उचलला तो कोळीवाड्यातून. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशातही त्याची नोंद आहे.

मग शेवटी 'ओ' का? डहाणूच्या लोकांना हे सांगावं लागणार नाही. तलासरीच्या पुढे गुजरात लागतं आणि गुजरातीत बोंबील होतो 'बुमलो', अनेकवचनात 'बुमला'. मुंबई हातात येण्याआधीपासून इंग्रजांची वखार सुरतेला होती, त्यामुळे या 'ओ'मागे गुजराती उच्चार असण्याची शक्यता बरीच वाटते. पारशी घरांतही सुका बोंबील 'बुमला'च असतो. त्यांचा आंबट-तिखट 'तारापोरी पातियो' याच सुक्या बुमल्याचा, आणि नावातलं तारापूर आहे डहाणूच्या दक्षिणेला, पालघर जिल्ह्यातच.