पाझरणारें औषध

औषध कोणतें द्यावें, या प्रश्नाइतकाच तें कोणत्या वाटेनें, किती आणि किती वेळां द्यावें, हा प्रश्नहि जुना आहे. आपल्याकडील वैद्य मात्रा, अनुपान आणि काल यांचा बारकाईनें विचार करीत, तो याच कारणासाठीं. पोटांत घेतलेली गोळी सर्व शरीरभर पसरते. रक्तांत तिचें प्रमाण प्रथम भराभर वाढतें, मग उतरत उतरत निरुपयोगी होण्याइतकें कमी होतें, आणि तोंवर दुसऱ्या गोळीची वेळ येऊन ठेपते. या चढउतारांत रोग्याला आरंभीं औषधाचा जाच आणि शेवटीं रोगाचा जाच, असे दोन्ही सोसावे लागतात. त्याऐवजीं देवळांत पिंडीवर टांगलेल्या गळतींतून जसें पाणी अखंड थेंब थेंब पडतें, तसें औषध नेमक्या जागीं पडत राहिलें तर? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं हा प्रश्न हातीं घेतला. आणि त्यांच्या उत्तराची एक मोठी कसोटी, विषाणूच्या हल्ल्यानें अंध होत चाललेल्या रोग्यांच्या डोळ्यांत लागली.

या इतिहासाचा आरंभ रबराच्या एका नळींत आहे. १९६० नंतरच्या एकदोन वर्षांत ज्युडा फोकमन हे तरुण शस्त्रवैद्य अमेरिकन आरमाराच्या बेथेस्डा येथील संशोधनसंस्थेंत काम करीत होते. तेथें त्यांना व त्यांचे सहकारी डेव्हिड लाँग यांना असें दिसून आलें, कीं सिलिकोन रबराच्या नळीच्या भिंतींतून कांहीं रंगद्रव्यें आरपार जातात. नळीला छिद्र नव्हतें, चीर नव्हती. तरी रंग बाहेर येत होता. रंग जर असा बाहेर येतो, तर औषध कां येऊं नये? त्यांनीं रबराच्या बंद कुप्यांत औषधें भरून तीं जनावरांच्या शरीरांत ठेवलीं, आणि दीर्घकाल चालणाऱ्या या उपचाराचा वृत्तांत १९६४ सालीं प्रसिद्ध केला. मातीच्या माठांतून पाणी पाझरतें हें आपण नित्य पाहतों. येथें मात्र पाझर सूक्ष्म छिद्रांतून होत नाहीं. औषधाचे रेणु रबरांत विरघळून, त्याच्या लांबलचक साखळ्यांमधून वाट काढीत पलीकडे उतरतात. एकाच जातीचे लहान रेणु हजारोंच्या संख्येनें एकमेकांस जोडून होणाऱ्या अशा साखळ्यांच्या पदार्थास पॉलिमर म्हणतात. साखळ्यांची जात बदलली, भिंतीची जाडी बदलली, कीं पाझराचा वेगहि बदलतो. औषधाच्या वेगाला लगाम घालण्याचें साधन असें हातीं आलें.

ही युक्ति व्यवहारांत आणण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं आलेहान्द्रो झाफारोनी यांजकडे जातें. उरुग्वे देशांतील माँटेव्हिडिओ येथें जन्मलेल्या या रसायनज्ञानें १९६८ सालीं कॅलिफोर्नियांत आल्झा नांवाची कंपनी केवळ या एका कार्यासाठीं स्थापिली. १९७४ सालीं तिनें काचबिंदूवरील एक पातळ चकती बाजारांत आणली. पापणीखालीं ठेवली कीं ती आठवडाभर औषध झिरपवीत असे, आणि दिवसांतून अनेक वेळां थेंब घालण्याची यातायात वांचे. चकती डोळ्यांतून निसटून पडे, ही तिची उणीव होती. तीमुळें ती फारशी रूढ झाली नाहीं. तरी पॉलिमरचें पटल औषधाचा वेग ठरवूं शकतें, हें सिद्ध झालें. पुढें १९७६ सालीं रॉबर्ट लँगर आणि फोकमन यांनीं प्रथिनांसारखे अवजड रेणूहि पॉलिमरमधून दीर्घकाल हळूहळू सोडतां येतात, असें दाखवून दिलें.

याच सुमारास एका नव्या रोगाची चाहूल लागावयाची होती. १९८१ च्या जूनमध्यें अमेरिकेंत त्याचे पहिले रोगी नोंदले गेले, आणि पुढें त्यास एड्स हें नांव मिळालें. रोगप्रतिकारशक्ति पार खचली, कीं शरीरांत वर्षानुवर्षें निद्रिस्त असलेले जंतु जागे होतात. सायटोमेगॅलो नांवाचा विषाणु बहुसंख्य प्रौढ माणसांच्या शरीरांत निमूटपणें राहत असतो. परंतु एड्सच्या रोग्यांत तो दृष्टिपटलावर चालून जाई, आणि वणवा रान जाळीत पुढें सरकतो तसें तें पटल कडेकडेनें नष्ट करी. १९९६ पूर्वीं एड्सच्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें तिसांना ही व्याधि जडे. उपचार न झाल्यास आंधळेपण ठरलेलें असे.

१९८९ सालीं गँसिक्लोव्हिर हें औषध अमेरिकेंत मान्य झालें. तें विषाणूस थोपवी, पण मारीत नसे. म्हणून उपचार जन्मभर चालवावा लागे. आरंभीं दोनतीन आठवडे दिवसांतून दोनदां, आणि नंतर दररोज एकदां, छातींतील मोठ्या शिरेंत बसविलेल्या नळीवाटें तासभर औषध सोडावें लागे. त्या नळींतूनच दुसरे जंतु रक्तांत शिरत. शिवाय हें औषध अस्थिमज्जेस दुर्बल करी. आणि एड्सवर त्या वेळीं उपलब्ध असलेलें झिडोव्हुडिन हेंहि तेंच करी. त्यामुळें दृष्टि राखावी कीं प्राण लांबवावा, असा पेंच रोग्यापुढें उभा राही. ज्याच्या हातीं जेमतेम वर्षभराचें आयुष्य उरलेलें असे, त्याचा रोजचा तासभर नळीला जखडून जाणें ही गोष्ट लहान नव्हती. सुईनें थेट डोळ्यांत औषध टोंचण्याचा मार्ग होता; पण त्याचा प्रभाव थोडेच दिवस टिके, आणि डोळ्याला पुन्हा पुन्हा सुई लावावी लागे.

केंटकी विद्यापीठांतील नेत्रवैद्य टॉमस स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांनीं हा पेंच सोडविण्यासाठीं फोकमन यांच्या मार्गावरचें एक साधन रचिलें. साडेचार मिलिग्रॅम औषधाची एक इवलीशी गोळी. तिच्यावर दोन जातींच्या पॉलिमरचे थर. त्यांपैकीं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा औषधाला वाट देई, तर एथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट हा वाट अडवी. अडविणाऱ्या थरांत किती जागा मोकळी ठेवावयाची, यावर पाझराचा वेग ठरे. आंत घट्ट औषध शिल्लक आहे तोंवर त्याच्या द्रावणाची तीव्रता कायम राहते, आणि म्हणून पाझरहि जवळजवळ एकसारखा राहतो. ताशीं एक मायक्रोग्रॅम या हिशेबानें साडेचार मिलिग्रॅम साडेचार हजार तास, म्हणजे सहा महिन्यांहून किंचित् अधिक काळ पुरावयाचें. डोळ्याच्या पांढऱ्या कवचास लहानसा छेद देऊन ही गोळी आंत बसवीत आणि टांक्यानें जागीं बांधीत. ससे आणि नंतर थोडे रोगी यांवरील प्रयोग १९९२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले.

खरी परीक्षा बेथेस्डा येथील राष्ट्रीय नेत्रसंस्थेंत डॅनिएल मार्टिन व त्यांचे सहकारी यांनीं केली. रोग दृष्टिपटलाच्या कडेस आहे, दृष्टीला तत्काळ धोका नाहीं, असेच रोगी निवडले. कांहींच्या डोळ्यांत साधन लगेच बसविलें, तर कांहींचा उपचार रोग सरकेपर्यंत थांबविला. १९९४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. थांबविलेल्या डोळ्यांत रोग सरासरीनें १५ दिवसांत पुढें सरकला, तर साधन बसविलेल्या डोळ्यांत २२६ दिवसांनीं. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या, १८८ रोग्यांच्या परीक्षेंत शिरेवाटें औषध घेणाऱ्यांचा रोग ७१ दिवस थोपला, आणि ताशीं एक मायक्रोग्रॅम सोडणाऱ्या साधनानें २२१ दिवस.

यश मोठें होतें. पण त्याची दुसरी बाजूहि त्याच परीक्षांनीं उघड केली. एका डोळ्यांत कोंडलेलें औषध त्या डोळ्याचेंच रक्षण करी. दुसरा डोळा, आंतडीं, फुप्फुसें हीं उघडीं पडत, आणि विषाणु तेथें डोकें वर काढी. शिरेंतील औषध शरीराला शिणवीत असलें तरी सर्वत्र पहारा देत होतें, ही गोष्ट त्यामुळें ध्यानांत आली. म्हणून साधनाच्या जोडीला तेंच औषध पोटांतून देण्याचा मार्ग काढण्यांत आला. कांहींच्या डोळ्यांत शस्त्रक्रियेनंतर दृष्टिपटल सुटून येई, हाहि धोका होताच.

१९९६ च्या मार्च महिन्यांत अमेरिकन सरकारनें या साधनास मान्यता दिली. आणि त्याच महिन्यांत एड्सच्या विषाणूवरील दोन नवीं औषधें मान्य झालीं. तीन औषधें एकत्र देण्याचा उपचार त्या वर्षीं रूढ झाला. रोग्यांची प्रतिकारशक्ति परतूं लागली, आणि अवघ्या कांहीं वर्षांत या नेत्ररोगाचें प्रमाण तीन चतुर्थांशांहून अधिक घटलें. ज्या व्याधीसाठीं एवढा खटाटोप झाला, तीच ओसरली. मागणी आटली, आणि पुढें साधनाचें उत्पादनहि बंद पडलें.

तेवढ्यावरून हा श्रम वायां गेला असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १९९६ पूर्वीं ज्यांच्या डोळ्यांत तें बसलें, त्यांतील अनेकांनीं आपलीं अखेरचीं वर्षें आप्तांचीं मुखें पाहत घालविलीं. आणि ज्यांना नव्या औषधांपर्यंत तग धरतां आली, त्यांच्यापैकीं कित्येकांची दृष्टि त्याच गोळीनें राखलेली होती. याच तत्त्वावरील दुसरें साधन २००५ सालीं डोळ्यांच्या आंतील जुनाट दाहावर मान्य झालें. तें सुमारें अडीच वर्षें औषध सोडतें. फोकमन यांच्या सिलिकोन रबराचाहि प्रवास थांबला नाहीं. एड्सच्या विषाणूपासून बचावासाठीं स्त्रियांनीं महिनाभर धारण करावयाचें, डॅपिव्हिरिन हें औषध झिरपविणारें सिलिकोनचें वलय जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं शिफारसिलें. त्याचें संरक्षण पूर्ण नाहीं. २०१६ सालच्या परीक्षांत तें शेंकडा तिसांच्या आसपास दिसलें. तरी दररोज गोळी घेणें जिला शक्य नाहीं, आणि जिचा बचाव पतीच्या मर्जीवर अवलंबून आहे, अशा स्त्रीच्या हातीं तिच्या स्वतःच्या ताब्यांतील एक उपाय आला. रबराच्या भिंतींतून रंग बाहेर येतो, एवढ्या साध्या निरीक्षणानें सुरू झालेलें हें काम साठ वर्षांनंतरहि चालूच आहे.